ग्रहणातली कॉफी

चुलीपुढे अक्का ओकली, आणि सासू म्हणाली, "ग्रहणात कॉफी ढोसलीस?"

काळपट तपकिरी होतं ते, रवाळ. कॉफी गाळून झाल्यावर फिल्टरमध्ये जो चोथा उरतो, तो पाण्यात कालवल्यासारखं. चुलीपासून मोरीपर्यंत पसरलं. अक्का गुडघ्यांवर बसली होती, एक हात फरशीवर टेकलेला, दुसऱ्या हातानं पदर तोंडाशी धरलेला. पदरही भरला होता. बाहेर सूर्याला ग्रहण लागलं होतं म्हणून खिडकीला गोणपाट लावलेलं, भर दिवसा स्वयंपाकघरात अंधारून आलेलं. त्या उजेडात ते कॉफीसारखंच दिसत होतं, हे मला मान्य आहे. पण सासूला उजेडाची गरजच नव्हती. तिनं बघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं.

"नाही आत्याबाई," अक्का म्हणाली. "देवाशपथ नाही प्याले."

"मग हे काय आकाशातून पडलं? मी आंधळी आहे का? सगळं घर कालपासून कोरडं बसलंय, आणि हिला घोटभर कॉफीवाचून राहवलं नाही!"

"नाही हो..."

"गप्प बस. ऊठ. डोक्यावरून पाणी घे, लुगड्यासकट. आणि तू गं," हे मला, "उभी काय राहिलीस? शेणपाणी शिंपड आणि धुऊन काढ ते."

अक्का उठायला गेली आणि भिंतीला धरून तशीच राहिली. ओठांना रंग नव्हता. कपाळावर घाम होता आणि हात लावला तर कपाळ गार. मी तिला मोरीत न्यायला तयार नव्हते. सासूनंच नेलं, दंडाला धरून, आणि तांब्यावर तांब्या गार पाणी तिच्या डोक्यावर ओतलं. चोर पकडल्यासारखं. अक्का कुडकुडत बसून राहिली. तिच्या दातांचा आवाज मला चुलीपाशी ऐकू येत होता.

अक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. तिचा नवरा म्हणजे माझा थोरला दीर, त्याला सगळे अण्णा म्हणत. आमचं घर बंगळूरच्या शिवाजीनगरात. पुढे कपड्यांचं दुकान, मागे आणि वर राहायचं. घराणं मराठी, पण इथं इतक्या पिढ्या काढलेलं की रागावताना तोंडातून कानडीच यायची. मी बेळगावकडची. मराठी शाळेत चौथी झाले आणि शाळा सुटली. आमच्या गावी सकाळी चहा असे, आणि चहाबरोबर रात्रीची भाकरी. पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती तेव्हा लग्न होऊन इथं आले, तर सकाळी भाकरी नाही. कॉफी.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी भाकरी मागितली होती. सासू म्हणाली, "बेळगावात नांगराला जुंपत होते का तुला? सकाळी सकाळी भाकरी मागतेस ती?" सगळे हसले. मी कॉफी प्यायले.

ती कॉफीसुद्धा कशी, ते सांगते. पितळी फिल्टर, दोन मजली. वरच्यात पूड, त्यावर उकळतं पाणी, खालच्यात थेंब थेंब डिकॉक्शन जमायचं. ते पहिलं, दाट. ते पुरुषांचं. त्यात दाट दूध, साखर, वरून फेस. अण्णा आणि माझा नवरा ती प्यायचे, दुकानात कुणी गिऱ्हाईक आलं तर तेही प्यायचं, मग ते लोक इडली किंवा उप्पीट खाऊन दुकान उघडायचे. सासू त्यांच्याबरोबर. राहिलेला चोथा आम्ही दोघी सुनांनी पातेल्यात घालायचा, त्यात वर चिकोरीची पूड टाकायची आणि खळखळ उकळायचा. ती आमची कॉफी. काळी, जीभ ओढून धरणारी. दूध उरलं तर उरलं. पातेलं चुलीच्या कडेला दिवसभर असायचं आणि भूक लागली की त्यातून पेला भरायचा.

आम्ही जेवायचो पुरुष जेवून परत दुकानात गेल्यावर, सासूचं झाल्यावर, भांडी आवरल्यावर. म्हणजे दुपार कलायला लागल्यावर. तोवर कॉफी. आणि वारांचे उपास. सोमवार, गुरुवार, शनिवार. मध्येच एकादशी, चतुर्थी. पुरुषांनी उपास धरला तर त्यांना शाबूदाण्याची खिचडी, केळी, दूध. सुनांचा उपास कडक. पण कॉफीनं उपास मोडत नाही, असा त्या घरात नियम होता. कुठल्या पोथीत लिहिलाय तो, मला कुणी दाखवलं नाही. ज्यांना जेवायला वाढायचं नाही त्यांच्यासाठी तो नियम फार सोयीचा होता, एवढं मला चौथीच्या शिक्षणातही कळत होतं.

"आत्याबाई, भूक लागली."

"स्वल्प कॉफी पी."

"आत्याबाई, अंग मोडून आलंय."

"कॉफी पी स्वल्प. तरतरी येईल."

स्वल्प म्हणजे थोडी. बाळंतिणीला कॉफी, तापात कॉफी, कुणी मेलं तर स्मशानातून आल्यावर कॉफी. आणि डोकं दुखलं तर कॉफी आणि गोळी. ही डोकेदुखीची गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात पानसुपारीबरोबर मिळायची. सासूच्या डब्यात कायम असायची आणि त्या बाबतीत तिचा हात सैल होता. भाकरी मागितली तर टोमणा, गोळी मागितली तर लगेच दोन.

अक्का गोळ्यांवर आणि कॉफीवर चालायची. मी आले तेव्हा तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, एक मुलगी होती. अक्का हसरी. मला ती लपवून गूळ-शेंगदाणे द्यायची आणि स्वतः म्हणायची, "मला नको गं. माझ्या अंगात रक्तच नाही, डिकॉक्शन आहे. सुई टोचून बघ." बोलता बोलता बरगडीखाली मूठ दाबून धरायची. विचारलं तर म्हणायची जळजळ. कॉफी प्याली की घटकाभर बरं वाटतं, मग पुन्हा जळजळ, मग पुन्हा कॉफी. दुपारी डोकं ठणकायचं. गोळी.

त्या ग्रहणाच्या आधी काही दिवस तिनं मला मागच्या अंगणात गाठलं आणि हळू आवाजात म्हणाली, "परसाकडला काळं होतंय गं. डांबरासारखं."

मी म्हटलं, "अक्का, आत्याबाईंना सांगा."

तिनं सांगितलं. सासू सुपारी कातरत होती. म्हणाली, "दिवसभर काळी कॉफी ढोसतेस, मग काय पांढरं होणार?" आणि इतकी हसली की अडकित्ता बाजूला ठेवावा लागला. अक्कापण हसली. तिला वाटलं खरंच, तसंच असेल. त्या घरात कॉफीनं सगळं बरं व्हायचं आणि जे व्हायचं नाही तेही कॉफीवरच जायचं. मधल्या मधे माणसाकडे कुणी बघायचं नाही.

माझी नात कोरमंगल्याला राहते. फोनवरून काहीबाही वाचून दाखवते. कॉफीनं यकृत चांगलं राहतं म्हणे, कॉफीनं हाडं ठिसूळ होतात म्हणे, इतके कप चांगले, तितके वाईट. मला विचारते, "आजी, तू इतकी वर्षं पितेस, खरं काय?" मी तिला सांगितलं, कुणाच्या पोटात गेली आणि त्या पोटात आधी काय होतं, ते विचार. मग कप मोजत बस. मी आजही कॉफी पिते. खाऊन पिते. कॉफीवर माझा राग नाही. माझा राग कुणावर आहे ते पुढे सांगते.

तर ग्रहण. आदल्या दिवशी शनिवार, म्हणजे उपास. संध्याकाळी सासूनं वेध लागले म्हणून सांगितलं. वेध लागले की ग्रहण सुटेपर्यंत खायचं नाही, प्यायचं नाही. शिजवलेलं सगळं गायीला घातलं. दूध संपवलं. फिल्टर मी स्वतः घासला, पुसला आणि फळीवर पालथा घातला. चूल विझवून राख काढली. पुरुषांनी वेध लागायच्या आधी पोटभर जेवून घेतलं. आम्ही उपाशी होतो त्या उपाशीच राहिलो, पातेल्यातली शेवटची कॉफी पिऊन.

कॉफीची सवय असलेल्या माणसाची कॉफी एकदम बंद केली तर डोकं कसं दुखतं, ते ज्याला दुखलंय त्यालाच माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात सगळ्यांचीच डोकी धरली होती. अण्णा बाहेरच्या खोलीत कपाळाला ओलं फडकं बांधून पलंगावर पडले होते. सासू कण्हत होती. अक्काला तर डोळे उघडवेनात. ती रोज सगळ्यांत जास्त प्यायची, तिला सगळ्यांत जास्त दुखलं. पाणीसुद्धा प्यायचं नाही, पण गोळी चालत होती. औषधाला ग्रहण नाही, असं सासूचं म्हणणं. तिनंच डबा पुढे केला. अक्कानं गोळ्या कोरड्याच चावून गिळल्या. थोड्या वेळानं पुन्हा घेतल्या. मग पुन्हा. एका कागदी पट्टीतल्या सगळ्या संपल्या. पोटात कालपासून काही नाही, परवापासून म्हटलं तरी चालेल.

आणि मग ती ओकली.

सासू तिला मोरीत भिजवत होती तेव्हा मी त्या घाणीपाशी बसले. धुऊन काढायला म्हणूनच बसले. मग मला वाटलं, ही खरंच प्याली असेल तर कुठून प्याली? चूल थंड. फिल्टर पालथा. घरात थेंबभर दूध नाही. रात्रीपासून ती माझ्या नजरेसमोरून हलली नव्हती. मी त्यात बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं.

कॉफीचा वास नव्हता.

ज्या घरात कॉफीची पूड एका पेठेतून आणली की दुसऱ्या पेठेतून आणली हे डबा उघडताक्षणी ओळखणारी माणसं होती, त्या घरात कुणी वाकून वास घेतला नव्हता. त्याला गंजक्या लोखंडासारखा, आंबट वास येत होता.

"आत्याबाई, ही कॉफी नाही."

"तू शहाणी नको होऊस."

"वास घ्या. फिल्टर बघा. मी काल पालथा घातला तसाच आहे. कुठली कॉफी प्याल्या या?"

सासूला उत्तर तयार होतं. "पलीकडे गेली असेल. त्यांना कसलं ग्रहण आणि कसलं काय."

पलीकडे एक तमिळ ख्रिस्ती बाई राहायची. तिला आम्ही अम्मा म्हणायचो. मधे फक्त कमरेइतकी भिंत. मी मागचं दार उघडलं आणि अंगणात गेले.

"अगं ए! ग्रहणात उघड्यावर! मूल व्हायचंय तुला अजून!" सासू आतून ओरडत होती.

मी भिंतीपाशी जाऊन हाक मारली. अम्मा कपडे वाळत घालत होती. मी मोडक्या कानडीत विचारलं, आमची अक्का आज तुमच्याकडे कॉफी प्यायला आली होती का?

"इल्ला," ती म्हणाली. नाही. "आज तुमच्या घराचं दार तरी उघडलंय का? काय झालं?"

मी सांगितलं. तिनं हातातली चादर तशीच बादलीत टाकली, भिंतीवर पाय टाकून इकडे उतरली आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरली. सासू आडवी आली. अम्मानं तिला हातानं बाजूला केलं. एकदा फरशीकडे बघितलं, एकदा अक्काच्या डोळ्यांखालची कातडी ओढून बघितली.

"रक्त आहे हे," ती म्हणाली. "पोटात राहिलं की असं काळं होतं. माझा भाऊ असाच ओकायचा."

"आता कसा आहे?" मी विचारलं.

"मेला."

सासू म्हणाली, "अपशकुनी बोलू नकोस माझ्या घरात."

मी बाहेरच्या खोलीत गेले. अण्णा पलंगावर, कपाळावर फडकं. मी थोरल्या दिरासमोर कधी तोंड वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी पदर डोक्यावर होता की नाही, आठवत नाही.

"अण्णा, अक्काला दवाखान्यात न्यायला पाहिजे. रक्त ओकल्या."

"आई म्हणते कॉफी आहे."

"आत्याबाईंनी बघितलं नाही."

"बरं. ग्रहण सुटू दे. मग बघू."

"तोवर मरतील त्या."

"कॉफी पिऊन कुणी मरत नाही," अण्णा म्हणाले आणि फडक्याची दुसरी बाजू कपाळावर घेतली.

या वाक्यावर माझा राग आहे. एवढी वर्षं झाली, अजून आहे. स्वतःची बायको चार पावलांवर, भिंतीपलीकडे बसलेली. चार पावलं जाऊन बघायला याचं डोकं दुखत होतं.

अम्मानं अक्काला धरून बाहेर आणलं, ओल्या लुगड्यात. दारात अक्का पुन्हा ओकली. या वेळी काळ्यात लाल होतं, गाठी होत्या. अण्णा चटकन उठून उभे राहिले. मला वाटलं धावतील. त्यांनी धोतराचा सोगा वर उचलला, शिंतोडे उडू नयेत म्हणून.

आणि म्हणाले, "आता सुटेलच ग्रहण. थोडा वेळ."

माझा नवरा जिन्यात येऊन उभा होता. तो भावापुढे बोलायचा नाही, आईपुढे तर नाहीच. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "घोड्याचा जटका आणता, की मी रस्त्यावर जाऊन ओरडू? सगळ्या शिवाजीनगरला ऐकू जाईल असं ओरडेन."

तो गेला. डोक्यावर टॉवेल घेऊन, आकाशाकडे न बघता, भिंतीच्या कडेकडेनं. पण गेला. त्याच्याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं चांगलं फार नाही, म्हणून हे सांगते.

रस्त्यावर माणूस नव्हतं. दुकानं बंद. जटकेवाला मुसलमान होता, त्याला ग्रहणाचं काही नव्हतं, झाडाखाली घोड्याला गवत घालून बसला होता. अक्काला आम्ही तिघांनी उचलून गाडीत घातलं. ती इतकी हलकी होती की मला तिथंच संताप आला. मुलगी दारात रडत होती. सासू उंबऱ्याच्या आत उभी होती, पाय बाहेर न टाकता.

"ग्रहणात उंबरा ओलांडलास तर या घरात परत पाय ठेवू नकोस."

"ठेवेन," मी म्हटलं. "बघाच."

अम्मा आमच्याबरोबर आली. तिच्या मांडीवर अक्काचं डोकं, माझ्या मांडीवर पाय. खड्ड्यात गाडी बसली की अक्का डोळे उघडायची आणि म्हणायची, "मी नाही गं प्याले. सांग त्यांना." मरायला टेकलेली बाई, आणि तिला काळजी कसली, तर कॉफीचा आळ.

सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर तरुण होता. कानडीत विचारत होता, मी तोडकंमोडकं सांगत होते, अडले की अम्मा सांगत होती.

"आज काय खाल्लं यांनी?"

"काही नाही. ग्रहण होतं."

"काल?"

"कॉफी."

"कॉफीबरोबर?"

"कालचा उपास होता. कॉफीच."

"परवा?"

"परवा दुपारी भात जेवल्या. थोडा उरला होता तेवढा. तोवर कॉफी."

त्यानं मान वर केली. "अहो, मी जेवण विचारतोय. तुम्ही मला हॉटेलातलं बिल सांगताय."

मग म्हणाला, औषध काय घेतलं? मी अक्काच्या कनवटीत हात घातला. गोळ्यांची रिकामी कागदी पट्टी होती. त्यानं ती उलटीसुलटी करून बघितली. "उपाशीपोटी? सगळ्या?"

"हो."

"कोणी दिल्या?"

"सासूनं."

तो शिव्या द्यायचा तेवढा राहिला. त्यानं सांगितलं की पोटात जखम आहे, जुनी असणार. रिकाम्या पोटी दिवसभर कडक कॉफी ओतायची, ती पोटातलं आम्ल वाढवते, जखमेला बरं होऊ देत नाही. आणि त्यावर या गोळ्या. गोळ्यांनी जखम फाडली. काळं परसाकडला होत होतं तेव्हाच आणायला हवं होतं, ते रक्तच होतं.

आता रक्त पाहिजे, म्हणाला. नातेवाइकांपैकी कोण देणार?

मी हात पुढे केला. त्यानं माझ्या डोळ्याखालची कातडी ओढली, जशी अम्मानं अक्काची ओढली होती, आणि मान हलवली. "तुमच्याचकडे नाही. तुम्हीपण तेच खाता का? म्हणजे पिता?"

माझ्या नवऱ्याचं जुळलं. त्यानं दिलं. देताना डोळे घट्ट मिटून घेतले होते.

दुपारी अण्णा आले. ग्रहण सुटलं होतं. स्नान करून, गंध लावून, धुतलेलं धोतर नेसून आले होते. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी विचारलं, "कशी आहे?" आणि त्यांच्या तोंडाला ताज्या कॉफीचा वास आला. पहिल्या डिकॉक्शनचा. घरी चूल पेटली होती, फिल्टर लागला होता, पिऊन झाली होती, मग निघाले होते.

बोलले असते तर हॉस्पिटलातल्या लोकांनी मला बाहेर काढलं असतं.

डॉक्टरनं त्यांना विचारलं, तुम्ही नवरा का? आणखी रक्त लागेल, देता का?

"मला चक्कर येते," अण्णा म्हणाले. "सकाळपासून माझंही डोकं दुखतंय."

"बरं. मग ऐका. या वाचल्या तर कॉफी पूर्ण बंद. गोळ्या बंद. उपास नाही. सकाळी उठल्या उठल्या खायला द्यायचं, आणि दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. दूध, मऊ भात, आंबील."

अण्णांनी थोडा विचार केला. विचार करून काय म्हणाले, तर, "आमच्याकडे सुना पुरुषांच्या आधी जेवत नाहीत."

डॉक्टर म्हणाला, "मग दुसरी बघून ठेवा."

आमच्याच जातीतली दोन माणसं पलीकडच्या खाटेपाशी कुणाला तरी भेटायला आली होती. त्यांनी ऐकलं. अण्णांचा चेहरा पडला. बायको मरत होती म्हणून पडला नव्हता तो, तेव्हा पडला.

अम्माच्या मुलानं संध्याकाळी येऊन आणखी एक बाटली रक्त दिलं. ज्यांच्या घरचं पाणी सासू प्यायची नाही, त्यांचं रक्त तिच्या सुनेच्या अंगात गेलं. हे मी घरी गेल्यावर पहिल्यांदा सासूला सांगितलं. मुद्दाम सांगितलं.

अक्का बरेच दिवस हॉस्पिटलात होती. नळीवाटे दूध, मग चमच्यानं दूध, मग पेज. मी घरी राहिले. सासूनं मला बाहेर काढलं नाही. काढणार कशी, दोन सुनांपैकी एक हॉस्पिटलात, मग सगळं काम कोण करणार? पण गल्लीत तिनं तिची गोष्ट सांगितली. सून ग्रहणात चोरून कॉफी प्याली, देवानं तिथल्या तिथे दाखवलं. लग्नाकार्यात, हळदीकुंकवाला, जिथं बायका जमतील तिथं सांगितली. मी जिथं असेन तिथं मधेच तोडायची, "कॉफी नव्हती, रक्त होतं. तुमच्या गोळ्यांचं." मला भांडकुदळ म्हणायला लागले. म्हणू देत.

अक्का घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले आणि चुलीवर पहिल्यांदा आंबील ठेवली. नाचणीची, ताक घालून, पातळ. डिकॉक्शनसाठी पाणी ठेवायला सासू आली तर चूल अडलेली.

"हे काय?"

"अक्कांची आंबील."

"आधी पुरुषांचं."

"आधी हे."

"अण्णा खोळंबलेत कॉफीला."

"खोळंबू देत. ग्रहण सुटेपर्यंत खोळंबतातच की."

तिनं पातेलं उतरवायला हात पुढे केला. मी पळी हातात घेऊन तशीच उभी राहिले. मारणार होते का? हो, मारली असती. तिला ते दिसलं. ती बाहेर गेली आणि मोठ्यांदा म्हणाली, "बेळगावची राक्षसीण आणलीय मी." अण्णा ऐकत होते. पुढे कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत, मला त्याचा काही तोटा झाला नाही.

अक्का अंथरुणावर बसली होती. मी वाटी दिली. ती म्हणाली, "अगं, पण त्यांची कॉफी झाली का?"

मी म्हटलं, "अक्का, आता तुम्ही गिळता की मी भरवू?"

ती प्यायली. मग मी दुसरी वाटी भरली आणि तिथंच बसून मी प्यायले.

त्यानंतर रोज हेच. भांडण रोज. कधी चूल लवकर विझवलेली असायची, कधी नाचणीच्या पिठाचा डबा कुलपात. मी अम्माकडून भिंतीवरून पीठ आणायची. सोमवारी अक्कानं उपास धरते म्हटलं तर मी तिच्यावरच ओरडले. तिला सवय मोडायला फार जड गेलं. कॉफीच्या वासानं तिच्या डोळ्यांत पाणी यायचं, पुरुषांचे पेले विसळताना तळाचा थेंब चाटताना मी तिला पकडलं आहे. पण हळूहळू तिच्या नखांना रंग आला. मुलीला उचलून घ्यायला लागली. गोळ्यांचा डबा मी एक दिवस मोरीत ओतला. सासूला वाटलं गोळ्या अजून आहेत, ती फळीवर शोधत राहिली.

सासूला म्हातारपण मिळालं, सगळं दुखणं काढून तिची सेवा आम्हीच केली, आणि शेवटपर्यंत ती म्हणत होती की ती कॉफीच होती. तिचा दोष तिला कुणी दाखवला नाही, माझ्याशिवाय, आणि मला कोण मोजतो. पुढे अण्णा वारले. माझा नवरा गेला. अम्मा घर विकून मुलाकडे गेली आणि तिथं वारली, असं कळलं.

अक्का जगली. नव्वदी उलटली, मुलीकडे असते, सकाळी उठल्या उठल्या खाते.